सावलीत वाळलेला सदरा

“टाका मॅडम याच्यात, अन् चला,” हवालदार डाखणे म्हणाले. प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड त्यांनी माझ्यासमोर उघडून धरलं होतं, भाजीवाल्यापुढे धरावं तसं.

माझ्या हातमोजे घातलेल्या हातांत एक शेला होता. तलावाच्या काठी, राखणदाराच्या झोपडीमागे, बेशरमाच्या झुडपात अडकलेला सापडला होता. रात्रभराच्या दवानं तो जड झाला होता. एका टोकाला तपकिरी डाग होता आणि त्या डागाची कड ओलाव्यामुळे पुसट होत चालली होती.

“याच्यात नाही टाकता येणार,” मी म्हणाले.

“काऊन? नवी कोरी पिशवी हाय. एक भोक नाही तिले.”

“म्हणूनच नाही टाकता येणार.”

डाखण्यांनी सोबतच्या दोन पंचांकडे पाहिलं. पोलीस पाटील आणि सोसायटीचा कारकून, दोघंही तलावाकडे बघायला लागले.

तलावावर तेव्हा धुकं होतं. फेब्रुवारीतलं, पातळ. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. दूरवर कुणीतरी डोंग्यातून शिंगाड्याची वेल ओढत होतं. माणूस दिसायचा, डोंगा दिसायचा नाही. तो नुसताच हवेत सरकत असल्यासारखा वाटायचा. इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाची आठवण आली की मला आधी ते धुकंच दिसतं.

साल सत्त्याऐंशी. मी नागपूरच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करायची. एरवी आमच्याकडे वस्तू पाकिटात बंद होऊन यायच्या. पण त्या वर्षी घटनास्थळी माणूस पाठवायला सुरुवात झाली होती, म्हणून जीपनं मला भंडाऱ्याकडच्या तलावांच्या मुलखात, जांभुळटोल्याला पाठवलं होतं. तीन दिवसांपूर्वी, सोमवारी पहाटे, मासेमारी सोसायटीचा राखणदार तानबा त्याच्या झोपडीत मरून पडलेला सापडला. डोक्यात घाव होता. गावातल्या नीलकंठ मारबतेचं आणि त्याचं आदल्या आठवड्यात चोरून जाळं टाकण्यावरून भांडण झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. नीलकंठ सोमवारी संध्याकाळीच पोलीस कोठडीत गेला होता.

“मग कशात नेता हा शेला? डोक्यावर बांधून?” डाखण्यांनी विचारलं.

“आधी वाळवायचा. मग कागदात.”

“वाळवायचा!” त्यांनी पिशवीची घडी केली आणि खिशात कोंबली. “मॅडम, आज संध्याकाळी पाच वाजता माझ्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन रायले. तीन वाजता मले घरी असा लागते. हे कापड कधी वाळन?”

“दुपार होईल.”

“तुमी मास्तरीण व्हाले पायजे होत्या,” ते म्हणाले. “मास्तरणीसमोर असंच होते. घरी जावाले मिळत नाही.”

जवळच सोसायटीची जाळ्यांची खोली होती. मातीच्या भिंती, वर कौलं, तलावाच्या बाजूला बिनदाराची रुंद खिडकी. आत आडव्या बांबूंवर जाळी लटकत होती. काही नायलॉनची नवी, काही जुनी सुताची, सालींच्या काढ्यात रंगवून काळपट झालेली. बाहेरचं धुकंच जणू आत येऊन बांबूंवर टांगलं गेलं होतं. एका कोपऱ्यातली जाळी मी बाजूला करून घेतली, सोबत आणलेली नवी सुतळी ताणून बांधली, खाली स्वच्छ तपकिरी कागद पसरला आणि शेला तिच्यावर मोकळा सोडला. डाग कशालाही टेकू दिला नाही. कागदावर काही पडलं, एखादा केस, मातीचा कण, तर तोही पुरावाच. मग मी स्टुलावर बसले.

वाळवणं हे काम असं आहे की त्यात करण्यासारखं काहीच नसतं. नुसतं तिथं असावं लागतं. कुणी हात लावू नये, वाऱ्यानं उडू नये, कोंबडी आत येऊ नये. घड्याळाकडे पाहिलं तर वेळ जातच नाही, म्हणून मी शेल्याकडे बघत बसले. त्याच्या कडेवरून पाणी सुटत होतं. थेंब कागदावर पडायचा आणि वर्तुळ होऊन पसरायचा.

दाराशी सावली पडली. एक म्हातारी बाई उंबऱ्याच्या बाहेर येऊन बसली. डोक्यावर पदर, हातात लाकडी सुई, मांडीवर सुताचं जुनं जाळं. खालमानेनं ती जाळं सांधायला लागली. तिथं रोज बसत असावी, असं मला वाटलं.

बऱ्याच वेळानं ती बोलली. “बाई, वाळवाचंच हाय तं उन्हात कायले नाही घालत?”

मला शिकवायला आवडतं. कुणी काही विचारलं की मला राहवत नाही. तो माझा गुणही आहे आणि दोषही.

“उन्हानं कापड वाळेल, पण रक्तातलं जे मला बघायचं आहे ते मरून जाईल,” मी म्हणाले. “तुम्ही जाळं कुठं वाळवता?”

“सावलीत. उन्हात सूत कडक होते. मंग तुटते.”

“आणि ओलंच गुंडाळून ठेवलं तर?”

“सडते.” तिनं वर पाहिलं. “पयले वास येते. मंग काळे टिपके पडते. तीन दिसांत असं बोट घातलं का फाटते.”

“कापडावरच्या रक्ताचंही तसंच होतं. ओलं असताना प्लास्टिकमध्ये कोंडलं की आतल्या आत घाम सुटतो. बारीक जंतू असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, ते रक्त खायला लागतात. वरून डाग तसाच दिसतो, पण त्याला काही विचारलं की तो भलतंच सांगतो.”

“भलतंच मंजे?”

“खोटं.”

तिची सुई थांबली. “तीन दिसांत,” ती म्हणाली. मला नव्हे, जाळ्यालाच सांगितल्यासारखी.

बाहेर धुकं विरत होतं. पाण्यावर उजेडाचे तुकडे दिसायला लागले होते. डाखणे काठावर उकिडवे बसून पाण्यात खडे टाकत होते. दोन बदकं त्यांच्याकडे बघत थोडी लांब सरकली.

“मंग हे रगत कोणाचं हाय, ते तुमाले समजते काय?” म्हातारीनं विचारलं.

“कोणाचं ते नाही समजत. कोणाचं नाही, ते मात्र समजतं.”

तिला ते पटलेलं दिसलं नाही. म्हणून मी आणखी सांगितलं. माणसांच्या रक्ताच्या चार जाती असतात, त्याला गट म्हणतात. आईच्या पोटातून माणूस जो गट घेऊन येतो तो मरेपर्यंत बदलत नाही. डाग एका गटाचा निघाला आणि माणूस दुसऱ्या गटाचा असला, तर ते रक्त त्या माणसाचं नव्हे.

तिनं थोडा वेळ विचार केला. “मंजे जाळ्यात रोहू आला का मरळ आली ते तुमी सांगता. कोणत्या तलावातली ते नाही सांगत.”

“अगदी बरोबर,” मी म्हणाले. मला खरोखर आनंद झाला. आमच्या साहेबांनाही हे इतक्या नेमकेपणानं सांगता आलं नसतं. “तुम्ही शाळेत असतात तर पहिल्या आला असतात.”

ती हसली नाही. जाळं गोळा करून उठली, गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली.

डाखणे आत आले. “काय सांगत होत्या तिले?”

“ती विचारत होती, मी सांगत होते.”

“कोण हाय ती, माहीत हाय? सायत्राबाई. नीलकंठची माय.”

जे बोलले त्यात खोटं काही नव्हतं, पण कुणाशी बोलतेय हे मला ठाऊक नव्हतं. आरोपीच्या आईला मी पुरावा कसा नासतो ते समजावून सांगितलं होतं, चांगली उदाहरणं देऊन.

“तिच्याकडे आणखी काही आहे का? घराची झडती घेतली होती तुम्ही?”

“घेतली ना. काही नाही सापडलं. नीलकंठ मनते, पहाटे शिंगाळ्याचा काटा तळहातात घुसला, सदरा रगतानं भरला. मंग सदरा कुठं हाय तं मायले माहीत. माय मनते मले माहीत नाही.” डाखण्यांनी घड्याळ पाहिलं. “हातावर जखम तं हाय. पण जखम काय, झटापटीतही होते.”

दुपारी दोनला शेला वाळला. मी त्याच्या घडीत प्रत्येक थरामध्ये कागद घातला, डाग डागावर येऊ दिला नाही, खाकी पाकिटात ठेवला. पंचांनी सह्या केल्या, डाखण्यांनी लाखेचं सील मारलं. जीपचा ड्रायव्हर झोपेतून उठला. डाखण्यांनी तर केसही विंचरले.

तेवढ्यात सायत्राबाई परत आली.

तिच्या हातात खताच्या पोत्याचं आतलं प्लास्टिक होतं, तोंड सुंभानं आवळून बांधलेलं. त्याच्या बाहेरच्या बाजूला धानाचं तूस चिकटलं होतं. तिनं ते माझ्यापुढे धरलं. डाखण्यांकडे पाहिलंही नाही.

“धानाच्या ढोलीत ठेवलं व्हतं. पार तळाशी,” ती म्हणाली. “त्याचा सदरा हाय.”

डाखण्यांच्या हातातला कंगवा तसाच राहिला. “म्हातारे! झडतीच्या वेळेस तोंड शिवलं व्हतं काय तुहं? पुरावा लपवला मनून तुलेही आत टाकू?”

“टाका,” ती म्हणाली. “पन आधी हे वाळवा.”

डाखण्यांनी पिशवी तिच्याकडून घेतली आणि लाखेची कांडी पुन्हा बाहेर काढली. “जशी हाय तशी सील मारतो. उद्या उघडा तुमच्या नागपूरले.”

“उद्या कुणी उघडणार नाही,” मी म्हणाले. “आमच्याकडे रांग आहे. महिना लागेल. महिनाभर हा असाच कोंडून राहिला तर उघडून काही उपयोग नाही.”

“मॅडम, पाच वाजता पाहुणे…”

“मी एकटी वाळवू शकत नाही. जप्ती तुमची आहे. तुम्ही इथं असायला हवं.”

त्यांनी लाखेची कांडी परत खिशात ठेवली. मग पायरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “पाहतील पोरीले माझ्याशिवाय,” ते म्हणाले. “माझं थोबाड पाहून कुठं पसंत करनार हायेत? झाला तं फायदाच होईन.” आणि पंचांना ओरडले, “पाटील, बसा खाली! मास्तरणीनं सुट्टी नाही दिली.”

मी नवा कागद पसरला, नवी सुतळी बांधली आणि शेला होता तिथून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला पिशवी उघडली. वास आला, बंद डब्यात विसरलेल्या ओल्या फडक्यासारखा. सदरा निळसर होता. छातीवरचा आणि पोटावरचा मोठा डाग ओलाच होता, त्याच्याभोवती काळे टिपके उठायला लागले होते. फक्त एक बाही पिशवीच्या तोंडाशी, गाठीत अडकलेली होती. तिचा कफ सुंभाच्या बाहेर आला होता आणि कडक वाळला होता. त्यावर नखाएवढा डाग होता. ते सगळं मी पंचनाम्यात लिहवून घेतलं, कफ कुठे होता तेसुद्धा. सदरा सायत्राबाईंनी स्वतः आणून हजर केला, हेही लिहिलं.

मग आम्ही सगळे त्या खोलीत बसलो. उन्हं कलली. तलावावरून हलका वारा यायचा आणि बांबूंवरची सगळी जाळी एकदम श्वास घेतल्यासारखी हलायची, सदराही हलायचा. एका बाहीचा हात वर उचलला जायचा आणि खाली यायचा. सायत्राबाई उंबऱ्याबाहेर बसून त्या बाहीकडे बघत होती. पाटील बसल्या बसल्या झोपले. खिडकीतून पाण्याचा उजेड येऊन छताला थरथरत होता, आणि मला वाटलं, ही खोलीच पाण्याखाली आहे. आपण सगळे तळाशी बसलो आहोत आणि वर काय चाललंय ते इथं ऐकू येत नाही. मला स्वतःची भीती वाटत होती. मी सकाळी त्या बाईला जे शिकवलं होतं ते आता त्या सुतळीवर टांगलेलं होतं.

अंधार पडायच्या आधी सदरा वाळला. सील झाला.

तीन आठवड्यांनी तो सदरा माझ्या टेबलावर आला. तानबाचा गट बी होता, नीलकंठचा ओ. मी छातीवरच्या डागातले दोरे काढले, रात्रभर ठेवले, सकाळी तपासले. बी आला.

पुन्हा केलं. पुन्हा बी.

नीलकंठच्या सदऱ्यावर मेलेल्या माणसाच्या गटाचं रक्त. माझ्यापुढे रजिस्टर उघडं होतं आणि रकाना रिकामा होता. एक शब्द लिहायचा होता. पण मी नेहमीच डागाशेजारचं स्वच्छ कापडही तपासायची. हे काम कंटाळवाणं असतं आणि घाईत असलेली माणसं ते टाळतात. त्या दिवशी मी सदऱ्याच्या पाठीवरचे दोरे घेतले. तिथं रक्ताचा थेंबही नव्हता, पण काळे टिपके होते.

तिथंही बी आला.

जिथं रक्तच नव्हतं तिथंही कापड बी म्हणत होतं. म्हणजे बोलत होते ते जंतू, पिशवीतल्या ओलीत वाढलेले. काही जंतूंच्या अंगात बी गटासारखंच काहीतरी असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोर पहिल्यांदा पाहत होते. पोटावरचा, छातीवरचा डाग सगळा बिघडला होता. उरला होता तो वाळलेला कफ. त्यावर टिपका नव्हता. त्याच्या शेजारच्या कापडाला मी विचारलं, ते काहीच बोललं नाही. मग नखाएवढ्या डागाला विचारलं.

ओ.

मी अहवालात सगळं लिहिलं. मोठा डाग विश्वास ठेवण्यासारखा नाही, आणि का नाही. कफवरचा डाग मृताच्या गटाचा नाही. रोहू आणि मरळ, तेवढंच. शेल्यावरचं रक्त बी होतं आणि शेल्याच्या काठाला शहरातल्या धोब्याची खूण होती. जांभुळटोल्यात कुणी कपडे धोब्याकडे देत नाही. त्या खुणेवरून पोलीस मासे उचलणाऱ्या एका ठेकेदाराच्या माणसापर्यंत पोचले. पावसाळ्याआधी नीलकंठ घरी आला.

खटला उभा राहिला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मी साक्षीला गेले. ठेकेदाराच्या माणसाचा वकील हुशार होता. त्यानं सगळा संशय पुन्हा नीलकंठच्या सदऱ्यावर नेण्याचा प्रयत्न केला आणि त्यासाठी पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवला. “सदर कपडा आरोपीच्या आईने, सायत्राबाईने, स्वतः घरून आणून हजर केला.” नीलकंठ साक्षीदारांच्या बाकावर बसला होता. मी पिंजऱ्यातून त्याच्याकडे पाहिलं. वकील पुढचं वाचत होता, पण नीलकंठचे डोळे त्या एका ओळीपाशीच थांबले होते.

साक्ष संपल्यावर मी बाहेर आले. आवारात कडुनिंबाखाली चहाची गाडी होती. नीलकंठ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तिशीचा, रुंद खांद्यांचा, उजव्या तळहातावर आडवा पांढरा व्रण. मागे थोड्या अंतरावर सायत्राबाई भिंतीला टेकून बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन. आमच्याकडे बघत होती, पण ऐकू येण्याइतकी जवळ नव्हती.

“बाई, तुमच्यामुळं सुटलो मी,” तो म्हणाला. मग थांबला. “एक इचारू?”

“विचारा.”

“मायनं मले सांगितलं व्हतं, पोलिसायनं घर उचकटलं, ढोली उपसली, तवा सदरा सापडला. आज कागदात ऐकलं का तिनंच आनून देल्ला.” त्यानं व्रणावर अंगठा फिरवला. “मंग तिले वाटलं व्हतं काय… का मी तानबाले मारलं?”

माझं सगळं आयुष्य एकाच शिस्तीत गेलं होतं. जे आहे ते लिहायचं, पूर्ण लिहायचं, कुणाला सोयीचं असो नसो. त्या दिवसाची प्रत्येक गोष्ट मी लिहिली होती. कफ गाठीबाहेर होता ते. सुंभाला किती वेढे होते ते. तूस कुठं चिकटलं होतं ते.

“तुमच्या आईनं मला विचारलं होतं,” मी म्हणाले, “कापड उन्हात का नाही वाळवत. बोलता बोलता मी सांगितलं, ओलं कापड कोंडून ठेवलं तर खराब होतं. खराब झालं तर ते खोटं बोलतं, असंही सांगितलं. ते ऐकून ती घरी गेली आणि सदरा घेऊन आली. खोटं बोलायच्या आधी.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

नीलकंठनं मान हलवली. त्याचे खांदे खाली आले. “मंजे तिले वाटलं, सदरा पोलिसायच्या हाती लागला तं सडून जाईन.”

मी त्याचं म्हणणं खोडलं नाही.

तो वळला, आईकडे गेला आणि तिच्या मांडीवरचं गाठोडं उचललं. “हळू ना रे, डबा हाय त्याच्यात!” ती त्याच्यावर ओरडली. उठताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग ते दोघं फाटकाकडे चालायला लागले, तो पुढे, ती दोन पावलं मागे, आणि रस्त्यावरच्या गर्दीत मिसळून गेले.

सायत्राबाई आता नाही, आणि नीलकंठ असला तरी हे वाचणार नाही, म्हणून आज लिहिते. त्या दुपारी पिशवी माझ्या पुढ्यात धरताना तिनं हळू आवाजात आणखी काही म्हटलं होतं. डाखणे तेव्हा दाराबाहेर केस विंचरत होते, पंच जीपकडे गेले होते. ऐकलं ते फक्त मी.

“बाई,” ती म्हणाली होती, “तीन दिस झाले, माह्या डोयाले डोया नाही. त्यानं केलं का नाही, मले ठाऊक नाही. मी माय असून मले ठाऊक नाही. ह्या कापडाले ठाऊक असन, तं त्यालेच इचारा.”

पंचनाम्यात मी ते लिहिलं नाही. लिहिण्यासाठी पेन उघडलं होतं, शाई निबेशी आली होती, आणि मी ते बंद केलं.